संगणकातील दुभाषी : इंटरप्रिटरच्या व्यावहारिक उपयोगाचा इतिहास आणि मराठवाडा

हैदराबाद संस्थानाच्या सरकारी कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत फारसी व त्यानंतर उर्दू होती. नांदेडच्या कचेरीत दाद मागावयास येणाऱ्या कुणब्याची भाषा मात्र मराठी असे. देगलूर-बिलोलीच्या बाजूस ती तेलुगू असे, आणि १९५६ साली बिदर जिल्ह्यातून मराठवाड्यात आलेल्या उदगीर-निलंगा भागात कानडीही असे. तक्रार आणि हुकूम यांच्यामध्ये दोन्ही भाषा जाणणारा कोणी तरी उभा राहिल्याखेरीज हा कारभार चालणे शक्य नव्हते. या मध्यस्थाला मराठीत दुभाषी अथवा दुभाष्या म्हणतात. कोरोमंडल किनाऱ्यावरील युरोपीय वखारींच्या कागदपत्रांत हाच शब्द ‘दुबाश’ या रूपाने आढळतो.

दुभाषी आणि भाषांतरकार यांच्या कामांत एक मूलभूत भेद आहे. भाषांतरकार संपूर्ण दस्तऐवज हाती घेतो, सावकाश दुसऱ्या भाषेत उतरवितो, आणि एकदा भाषांतर सिद्ध झाले की त्याची गरज संपते. दुभाषी प्रत्यक्ष संभाषणात हजर असतो. एक वाक्य ऐकतो, ते दुसऱ्या भाषेत सांगतो, उत्तर परत आणतो आणि मग पुढच्या वाक्याकडे वळतो. तेच वाक्य दहा वेळा उच्चारले गेले तर त्यास दहा वेळा तेच श्रम करावे लागतात. भाषांतराच्या तुलनेत ही पद्धती संथ व खर्चाची वाटते. तथापि तिच्यात एक सोय अशी आहे की, बोलणारा अडखळला अथवा चुकला तर त्याच क्षणी त्यास थांबवून विचारता येते.

संगणकाच्या इतिहासात हा भेद जसाच्या तसा अवतरला आहे. मनुष्यास सुलभ अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या अंकभाषेत नेण्याचे दोन मार्ग आहेत. कंपायलर सर्व आज्ञावलीचे भाषांतर आधी करतो व मग ते भाषांतर यंत्रावर चालते. इंटरप्रिटर हा यंत्राच्या स्मृतीत सतत हजर राहतो. आज्ञावलीतील एकेक ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो व ती तत्काळ अमलात आणतो. हजार वेळा फिरणाऱ्या आवर्तनातील ओळ तो हजार वेळा नव्याने वाचतो. या एका कारणास्तव संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत इंटरप्रिटरची गणना दुय्यम साधनांत होत आली आहे. प्रस्तुत लेखात या साधनाच्या व्यावहारिक उपयोगांचा मागोवा घेतला असून, यंत्रे विरळ आणि मुंबई-पुण्याचे अंतर मोठे अशा नांदेड-लातूरसारख्या प्रदेशातून पाहता ही गणना कितपत न्याय्य ठरते, हा प्रश्न विचारार्थ घेतला आहे.

इंटरप्रिटरचा जन्म सोयीसाठी झाला, अशी एक समजूत आहे. वस्तुतः तो उणिवेतून झाला. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्रावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. या यंत्रास अपूर्णांकांचे दशांशस्थान आपोआप सांभाळण्याची शक्ती नव्हती. खगोल अथवा रसायन या शास्त्रांतील गणिते करावयाची तर अतिविशाल आणि अतिसूक्ष्म संख्या एकाच वेळी हाताळाव्या लागत, आणि प्रत्येक पायरीस दशांशचिन्ह कोठे आहे याचा हिशेब आज्ञावली लिहिणाराने स्वतः ठेवावा लागे. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आज्ञावलीलेखनावरील पहिल्या ग्रंथात यावरील उपाय वर्णिला आहे. यंत्राच्या स्मृतीत एक छोटी आज्ञावली ठेवावयाची. तिने पुढील आज्ञा संख्यारूपात वाचावयाच्या आणि जणू काही तरंगत्या दशांशाचे गणित जाणणारे दुसरेच यंत्र तेथे आहे असे भासवावयाचे. म्हणजे नसलेले यंत्र असलेल्या यंत्रावर उभे करणे हा इंटरप्रिटरचा पहिला उपयोग होय. पुढील सर्व उपयोग याच बीजातून निघाले असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास अमेरिकेत जॉन मॉकली याने ‘शॉर्ट कोड’ ही पद्धती सुचविली. १९४९-५० च्या सुमारास ती अमलात आली. तिच्यात गणिती सूत्रे बरीचशी सूत्रांच्याच रूपात लिहिता येत. परंतु यंत्रभाषेतील आज्ञावलीपेक्षा तिला सुमारे पन्नासपट वेळ लागे, असे सांगितले जाते. १९५३ साली जॉन बॅकस याने आयबीएम ७०१ या यंत्रासाठी ‘स्पीडकोडिंग’ रचले, तोही इंटरप्रिटरच होता. त्याच बॅकसच्या नेतृत्वाखाली १९५७ साली फोरट्रानचा कंपायलर सिद्ध झाला. कंपायलरने बनविलेली आज्ञावली वेगाच्या बाबतीत हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या तोडीस उतरते, हे फोरट्रानने दाखवून दिल्यावर इंटरप्रिटरचे दिवस सरले असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. यंत्राचा एक तास माणसाच्या अनेक दिवसांपेक्षा महाग होता, तोवर हा निष्कर्ष बरोबरच होता.

तो निष्कर्ष कोठे फसतो, हे भारताच्या, विशेषतः मराठवाड्याच्या, परिस्थितीकडे पाहिले असता ध्यानात येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले. १९६० साली ते कार्यान्वित झाले आणि १९६२ साली त्यास टिफ्रॅक हे नाव मिळाले. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे त्या काळातील अतिशय सामर्थ्यवान यंत्र आले आणि देशातील अनेक संस्थांचे संशोधक त्याचा लाभ घेऊ लागले. काम करण्याची रीत अशी होती की, आज्ञावली छिद्रित पत्त्यांवर उतरवावयाची, पत्त्यांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यावयाचा आणि निकालाची वाट पाहावयाची. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर निकालाऐवजी चुकांची यादी हाती येई.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे झाली. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० पासून आणि लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ पासून चालू होते. या महाविद्यालयांतील एखाद्या गणिताच्या अध्यापकाने मुंबईच्या यंत्रावर काही गणित करून घ्यावयाचे मनात आणले असे समजू. कंपायलरने सिद्ध केलेली आज्ञावली दोन सेकंदांत काम उरकते आणि इंटरप्रिटरला त्याच कामास शंभर सेकंद लागतात, असे धरू. परंतु गठ्ठा पाठवून उत्तर येण्यास चार दिवस लागत असतील आणि आज्ञावली निर्दोष होईपर्यंत पाच खेपा घालाव्या लागत असतील, तर वीस दिवसांच्या तुलनेत अठ्ठ्याण्णव सेकंदांची बचत ती काय? हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु यंत्राच्या वेगाचा विचार करताना माणसाच्या अंतराचा विचार सुटला म्हणजे गणित कसे चुकते, हे त्यांवरून स्पष्ट व्हावे.

मराठवाड्यातील वाचकास यासाठी दूरचा दाखला शोधावा लागत नाही. हैदराबादहून नांदेड-औरंगाबादमार्गे मनमाडास जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे मीटर मापाची होती व मनमाडपासून मुंबईचा मार्ग रुंद मापाचा. त्यामुळे मनमाडास प्रत्येक प्रवाशास गाडी बदलावी लागे आणि मालाचे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागे. लातूरची तऱ्हा आणखी निराळी. १९११ साली लातूरपर्यंत आलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी मापाची होती आणि तिचा माल कुर्डुवाडीस उतरे. रुळांचे माप बदलणे हा या अडचणीवर कायमचा उपाय होता व तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मनमाड मार्गावर आणि त्यानंतरच्या दशकात लातूर मार्गावर अमलात आला. तोपर्यंतच्या ऐंशी-नव्वद वर्षांत या भागातील व्यवहार चालले ते माल उतरविणाऱ्या व चढविणाऱ्या हमालांच्या पाठीवर. मोजणीच्या दृष्टीने ते श्रम वायाच गेले. परंतु ते नसते तर लातूरच्या डाळीचे पोते मुंबईस पोहोचलेच नसते.

यंत्राशी बसल्याबसल्या संवाद करण्याची कल्पना १९६० नंतरच्या काही वर्षांत रूढ होऊ लागली. जॉन मॅकार्थी याच्या लिस्प भाषेची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. त्या भाषेतील कोणत्याही वाक्याचा अर्थ लावणारे एक सूत्र मॅकार्थीने त्याच भाषेत कागदावर मांडले होते, आणि ते केवळ तात्त्विक विवेचनासाठी आहे असा त्याचा समज होता. त्याचा सहकारी स्टीव्ह रसेल याने ते सूत्र हाताने यंत्रभाषेत उतरविले आणि आयबीएम ७०४ वर चालविले. त्यासरशी लिस्पचा इंटरप्रिटर अस्तित्वात आला. १९६३ साली रँड संस्थेत क्लिफर्ड शॉ याने ‘जॉस’ ही संवादात्मक पद्धती सिद्ध केली. १ मे १९६४ रोजी डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ यांची बेसिक भाषा प्रथम चालली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पुढे इंटरप्रिटरशी ज्या भाषेचे नाव कायमचे जोडले गेले, त्या बेसिकची डार्टमथमधील पहिली आवृत्ती कंपायलरवर आधारलेली होती. मात्र हा कंपायलर इतक्या त्वरेने काम करी की, पडद्याआड दुभाषी आहे की भाषांतरकार, हे वापरणाऱ्यास कळत नसे. तात्पर्य, या दोन वर्गांमधील सीमारेषा पाठ्यपुस्तके भासवितात तितकी ठळक कधीच नव्हती.

स्मृतीची टंचाई हेही इंटरप्रिटर वापरण्याचे एक सबळ कारण होते, आणि त्याचे सर्वांत नामांकित उदाहरण चंद्रावरील स्वारीचे आहे. अपोलो यानातील मार्गदर्शक संगणकात कायम स्वरूपाची स्मृती अवघी ३६,८६४ शब्दांची आणि बदलती स्मृती २,०४८ शब्दांची होती. नौकानयनासाठी लागणारी सदिशांची गणिते करण्याची शक्ती त्या यंत्रात नव्हती. ती गणिते यंत्रभाषेत सविस्तर लिहिली असती तर त्या स्मृतीत मावली नसती. म्हणून ती एका संक्षिप्त कल्पित भाषेत लिहून इंटरप्रिटरकडून वदविण्यात आली. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या यानाचा मार्ग काही अंशी या संथ दुभाष्याने आखला होता. वेग हाच एकमेव निकष मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१९७५ साली आल्टेर या घरगुती संगणकासाठी गेट्स, ॲलन आणि डेव्हिडॉफ यांनी लिहिलेला बेसिकचा इंटरप्रिटर अवघ्या चार किलोबाइट स्मृतीच्या यंत्रावर चाले. त्यानंतरच्या दशकात सूक्ष्म संगणक सुरू करताच पडद्यावर बेसिक उभी राहावी, हा जणू शिरस्ता झाला. ज्या यंत्रास चकती नाही, ज्याची स्मृती तुटपुंजी आहे, त्यावर कंपायलर ठेवणे अवघड होते. ज्यांस दोन चकत्या होत्या त्या यंत्रांवरही संपादनाची चकती काढून कंपायलरची घालावयाची, मग जोडणीची, असा खटाटोप करावा लागे. टर्बो पास्कल १९८३ साली बाजारात आली आणि तिने हा खटाटोप काही सेकंदांवर आणला, हेही नमूद केले पाहिजे. इंटरप्रिटरची मक्तेदारी पहिल्यांदा डळमळली ती येथे.

भारतातील शाळांत संगणक प्रथम मोठ्या प्रमाणावर गेला तो या दुभाष्याला बरोबर घेऊनच. १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने ‘क्लास’ ही योजना हाती घेतली व आरंभी २५० शाळांची निवड केली. या योजनेसाठी इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक पसंत करण्यात आला. डिसेंबर १९८१ मध्ये आलेल्या या यंत्रातील बेसिकचा इंटरप्रिटर सोफी विल्सन यांनी लिहिला होता व तो १६ किलोबाइटच्या कायम स्मृतीत बसविलेला होता. बटण दाबताच तो तयार असे. विद्यार्थ्याने ‘प्रिंट’ हा शब्द इंग्रजीत टंकून पुढे पंचवीस गुणिले चार असे लिहिले की, दुसऱ्याच क्षणी पडद्यावर शंभर उमटत. आज्ञावलीतील चाळिसाव्या ओळीत चूक असेल तर यंत्र त्या ओळीवर थांबे. तोवर मोजलेल्या सर्व राशी स्मृतीत शाबूत असत आणि एकेकीचे मूल्य विचारता येई. शिक्षणाच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे. चूक झाल्यानंतर चार दिवसांनी ती कळणे आणि चूक करताकरताच ती कळणे, यांत शिकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम सर्वस्वी भिन्न असतो.

बेसिकवर टीकाही झाली. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९७५ साली अतिशय कडवट शब्दांत तिचा धिक्कार केला होता. या भाषेच्या संस्कारातून आलेल्या विद्यार्थ्याला सुघटित आज्ञावली लिहावयास शिकविणे जवळजवळ अशक्य असते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ही टीका भाषेवर होती, इंटरप्रिटरवर नव्हती, हे बहुधा विसरले जाते. शिवाय तिच्यामागे अशी विद्यापीठे होती की, जेथे विद्यार्थ्यापुढे निवड करावयास अनेक भाषा होत्या. ज्या गावात पहिलाच संगणक आलेला आहे, तेथे प्रश्न चांगली भाषा की वाईट भाषा असा नसतो.

नांदेड येथील श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली आणि लातूरचे एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले; लातूर हा उस्मानाबादपासून निराळा जिल्हा झाला तो १९८२ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे या दोन्ही जिल्ह्यांत अभियांत्रिकी शिक्षणाचा आणि देशात सूक्ष्म संगणकाचा प्रसार एकाच दशकात झाला. एमएस-डॉस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या वैयक्तिक संगणकांबरोबर त्या काळी जीडब्ल्यू-बेसिक येत असे व १९९१ नंतर क्यूबेसिक. त्यासाठी वेगळी किंमत मोजावी लागत नसे, ही गोष्ट महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात महत्त्वाची होती. पुढे पदवी अभ्यासक्रमांत टर्बो सी या कंपायलरने बेसिकची जागा घेतली, आणि ती इतकी घट्ट धरून ठेवली की, जगाने तो सोडून दिल्यावरही कित्येक वर्षे भारतीय प्रयोगशाळांत त्याची निळी चौकट दिसत राहिली. अभ्यासक्रम एकदा छापला गेला की त्याचे आयुष्य यंत्राच्या आयुष्यापेक्षा दीर्घ असते.

कार्यालयीन व्यवहारात इंटरप्रिटर शिरला तो डीबेस या आज्ञावलीच्या रूपाने. पडद्यावर एक टिंब दिसे. त्यापुढे यादीतील अमुक गावच्या अमुक नोंदी दाखव, अशी आज्ञा टंकली की त्या दिसत. नोंदींचा प्रश्न विचारण्यास प्रत्येक वेळी आज्ञावलीकाराकडे जावे लागत नाही, हा अनुभव कारकुनांना नवा होता. पुढे आलेल्या फॉक्सबेसने हाच मजकूर आधी संक्षिप्त संकेतांत उतरवून मग त्याचा अर्थ लावण्याची मिश्र पद्धती स्वीकारली आणि वेगाची तक्रार बरीच कमी केली. छापखान्यातही अशीच घटना घडली. १९८४ साली आलेली पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा मुद्रणयंत्रातच बसविलेल्या इंटरप्रिटरकडून वाचली जाते. अक्षराचे वळण हे तीत एक आज्ञावलीच असल्याने, रोमन लिपीसाठी घडविलेले यंत्र त्याच्या अंतर्भागास हात न लावता देवनागरी छापू शकते. शिशाच्या खिळ्यांचे शेकडो घरांचे पेटारे ज्यांनी सांभाळले होते त्या मराठी मुद्रकांना या एका सोयीचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही.

परंतु दुभाष्याच्या तत्त्वाचा मराठीला झालेला सर्वांत मोठा उपयोग लिपीच्या क्षेत्रातील आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांचा तर त्याच्याशी थेट संबंध पोहोचतो. देवनागरी अक्षर संगणकात साठविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पडद्यावर जे आकार दिसतात तेच, दिसतात त्या क्रमाने साठविणे. दुसरा, उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठविणे आणि दाखविण्याच्या क्षणी त्यांवरून आकार घडविणे. निलंगा हे गावाचे नाव घ्यावे. उच्चारात ‘न’ आधी व ऱ्हस्व इकार नंतर. लेखनात मात्र वेलांटीची दांडी ‘न’च्या आधी येते. अर्धापूर या नावात ‘र्’ हा ‘ध’च्या आधी उच्चारला जातो, पण त्याचा रफार ‘धा’ लिहून झाल्यावर वर चढतो. पहिल्या पद्धतीत लिपिकार आणि यंत्र दोघेही आकारांचे गुलाम होतात. दुसऱ्या पद्धतीत वर्णांचा क्रम बोलण्याप्रमाणे राहतो आणि वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांची व्यवस्था एक दुभाषी प्रत्येक वेळी पाहतो.

कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८३ च्या सुमारास या दुसऱ्या मार्गावर काम सुरू झाले, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ‘जिस्ट’ या नावाने ते वाढीस लागले. जिस्टचे पत्र वैयक्तिक संगणकात खोचले की, ते आज्ञावली आणि पडदा यांच्यामध्ये उभे राही. आज्ञावलीच्या दृष्टीने तेथे केवळ आठ अंकी संकेत असत. पडद्यावर मात्र मराठी अक्षरे दिसत. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेसमध्येही, तिच्यात बदल न करता, गावांची व माणसांची नावे मराठीत साठविता आली. हे संकेत इस्की या नावाने प्रमाणित झाले आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने आयएस १३१९४ या क्रमांकाने ते प्रसिद्ध केले. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला आहे.

दुर्दैवाने बाजाराने बराच काळ पहिलाच मार्ग पत्करला. विंडोजवरील मराठी अक्षरसंचांत आकारांना रोमन अक्षरांचे क्रमांक देण्यात आले, आणि ते क्रमांक प्रत्येक उत्पादकाचे निराळे होते. तात्कालिक दृष्ट्या यात लाभ होता. पडद्यावर अक्षर सुबक दिसे व दुभाष्याचा खर्च वाचे. पण ज्या अक्षरसंचात मजकूर टंकला तो संच नसला की उरते ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठीत टंकलेले प्रबंध, अहवाल, स्मरणिका, निमंत्रणपत्रिका यांचा मोठा भाग याच रूपात आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड येथे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे नेमक्या याच काळात, स्थापन झाले. मोडी कागद वाचणारे कमी झाले म्हणून इतिहासाचे अभ्यासक खंत करतात, ती योग्यच आहे. परंतु मोडी कागद निदान डोळ्यांस दिसतो व अभ्यासाने वाचता येतो. हरवलेल्या अक्षरसंचातील फाइल त्याहून मुकी असते. विंडोज २००० पासून देवनागरीचा दुभाषी कार्यप्रणालीतच आला, पण सवयी बदलण्यास आणखी पुष्कळ वर्षे लागली.

दुभाषी असला म्हणजे सर्व प्रश्न मिटतात असे मात्र नव्हे. इस्कीत आणि युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच नंतर, ‘व’च्या आधी येतो, मराठी वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’च्या नंतर आहे, आणि क्ष व ज्ञ त्याच्याही पुढे. केवळ संकेतांच्या क्रमाने लावलेली मराठी सूची म्हणूनच मोल्सवर्थच्या कोशाच्या सवयीने पाहणाऱ्यास चुकीची वाटते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील पहिला गुरू व दुसरा स्वयंपाकी, हा भेद दाखविणारा अर्धा ऱ्ही साठविण्याच्या एकाहून अधिक रीती आजही चालू आहेत; शोध घेताना एक रीत दुसरीस ओळखीलच असे नाही. ग्रंथालयांच्या तालिका तयार करणाऱ्यांनी या बाबीकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

आता बेसिकच्या दुभाष्याकडे पुन्हा वळून एक गोष्ट पाहावयाची. हा दुभाषी यंत्राची भाषा जाणत होता, पण मनुष्याच्या बाजूस त्याला इंग्रजीच येत होती. बीबीसी बेसिकमध्ये वाक्य चुकले की यंत्र ‘मिस्टेक’ एवढाच शब्द दाखवी; जीडब्ल्यू-बेसिक ‘सिंटॅक्स एरर’ म्हणे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला या दुभाष्याशी बोलण्यास आणखी एक दुभाषी लागे आणि तो बहुधा शिक्षकाच्या रूपाने वर्गात उभा असे. हे तांत्रिक अपरिहार्यतेमुळे झाले असा समज आढळतो, पण तो टिकत नाही. हे इंटरप्रिटर आज्ञांचे शब्द अक्षरशः साठवीतच नसत. बीबीसी बेसिकच्या स्मृतीत ‘प्रिंट’ या शब्दाच्या जागी २४१ हा एक आकडा असे, जीडब्ल्यू-बेसिकमध्ये १४५. विद्यार्थ्याने शब्द टंकला की कोष्टक पाहून त्याचा आकडा होई. आज्ञावली पुन्हा पाहावयास मागितली की त्याच कोष्टकावरून आकड्याचा शब्द होई. गणित करणाऱ्या भागास शब्द इंग्रजी आहे की मराठी, याचे सोयरसुतक नव्हते. अवतरणचिन्हांतील मजकुराला तर इंटरप्रिटर हातच लावीत नसे. कोष्टक बदलले असते, आणि अक्षरे दाखविणारा जिस्टसारखा दुसरा दुभाषी शेजारी असता, तर तेच यंत्र ‘दाखव’ या शब्दावर चालले असते. अडचण होती ती निर्णय घेणाऱ्यांच्या दृष्टीत. संगणक म्हणजे इंग्रजी हे समीकरण त्यांनी तपासून पाहिलेच नाही.

१९९१ साली गिडो व्हान रोसुम याने प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा आज संशोधनात आणि शिक्षणात बेसिकच्या जागी आलेली आहे, आणि सांख्यिकीच्या विभागांत आर ही भाषा. दोन्हींचा व्यवहार इंटरप्रिटरशी चालतो. पर्जन्यमानाच्या नोंदींचे कोष्टक समोर ठेवून अभ्यासक एक प्रश्न विचारतो, उत्तर पाहतो आणि त्यावरून पुढचा प्रश्न ठरवितो. गणिताचा जड भाग आतून कंपायलरने सिद्ध केलेल्या आज्ञावली उरकतात. संवाद मात्र दुभाष्याकडे राहतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने या व अन्य साधनांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले आहेत, त्यामुळे नांदेडच्या विद्यार्थ्यास निदान स्पष्टीकरण तरी स्वभाषेत मिळू शकते. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत राशींना देवनागरी नावे देता येतात. ‘पाऊस’ अथवा ‘उतारा’ या नावाची राशी चालते. आज्ञांचे शब्द मात्र इंग्रजीच राहिले आहेत. अंकांच्या बाबतीत तर मोठी चमत्कारिक स्थिती आहे. चालू आज्ञावलीला बाहेरून पुरविलेल्या मजकुरात १२३ असे देवनागरी अंक आले तर पायथनचा इंटरप्रिटर त्यांची संख्या बिनतक्रार करून देतो. पण तेच १२३ आज्ञावलीच्या ओळीत लिहिले तर तो थांबतो आणि ‘सिंटॅक्स एरर’ दाखवितो.